पीकवैद्याचे देशाटन

शेतकीची पदवी घेतलेल्या तरुणाने पुढे काय करावे असा प्रश्न निघाला, म्हणजे घरातील वडील माणसे बहुधा दोन उत्तरे देतात : सरकारी खात्यात शिरावे, नाही तर घरची जमीन सुधारावी. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु याच विद्येची एक शाखा अशी आहे की, तिचा अभ्यासक घरी बसून आपले काम पुरे करूच शकत नाही. ती शाखा म्हणजे पीकसंरक्षण. पिकांवरील किडी व रोग यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. ती जहाजातून येतात, बेण्याच्या कांड्यांवरून येतात, वाऱ्यावर येतात, आणि हल्ली तर विमानाच्या प्रवाशाने पिशवीत घातलेल्या एखाद्या फळातूनही येतात. सबब, ज्याला त्यांचा पाठलाग करावयाचा त्यालाही देशाटन चुकत नाही. इतर व्यवसायांत परदेशगमन हा मान समजला जातो. या व्यवसायात ते कामाचेच एक अंग आहे. हे कसे, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिका खंडात घडलेल्या एका हकिकतीवरून चांगले ध्यानात येईल.

ज्या पिकाची ही हकिकत आहे ते बहुतेक श्रोत्यांच्या पोटात अनेकदा गेलेले आहे, मात्र वेगळ्या नावाने. उपवासाचा साबुदाणा आपल्या देशात ज्या कंदाच्या पिष्टापासून होतो तो कसावा, अथवा दक्षिणेकडील लोकांचा टॅपिओका. हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते आफ्रिकेत नेले, आणि तेथील माणसांनी त्याला असे काही आपलेसे केले की, वीस कोटींच्या आसपास लोकांचे रोजचे अन्न त्यावर अवलंबून राहू लागले. निकस जमिनीत ते येते, पाऊस लांबला तरी तग धरते, आणि कंद जमिनीतच ठेवून लागेल तेव्हा उपटता येतो. धान्याचे कोठार ज्यांना बांधता येत नाही अशा गरिबांचे ते जमिनीखालचे कोठारच होय. कांगो नदीच्या काठी तर त्याच्या पाल्याचीही भाजी करितात.

१९७३ साली किन्शासा व ब्राझाव्हिल या नदीच्या दोन तीरांवरील राजधान्यांच्या परिसरात कसाव्याचे शेंडे आखडू लागले. पाने चुरगळून गुच्छासारखी होत, पेरे खुजी राहत, आणि झाड जणू वाढावयाचे विसरून जाई. शेंड्यावर पाहिले असता पांढऱ्या मेणकट पिठाने माखलेले बारीक किडे दिसत. आपल्याकडे डाळिंबावर, सीताफळावर वा कपाशीवर जो पिठ्या ढेकूण दिसतो, त्याच कुळातला हा प्राणी होता. पॅरिसच्या संग्रहालयातील कीटकवर्गीकरणाच्या अभ्यासिका दानिएल मातील-फेररो यांनी १९७७ साली तो शास्त्राला नवीन असल्याचे सांगून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्यात नर नाहीतच. प्रत्येक मादी नरावाचून अंडी घालते, आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे वाऱ्याने एक किडा शेजारच्या शेतात नेला, अथवा कोणा शेतकऱ्याने लागवडीसाठी चार कांड्या सोयऱ्याच्या गावाहून आणल्या, की नवीन वसाहत झालीच. काही भागांत कंदाचे उत्पन्न ऐंशी टक्क्यांपर्यंत घटले. त्याहून वाईट म्हणजे पुढील हंगामाला लावावयास निरोगी कांडीच उरेना.

औषध फवारावे, ही सूचना प्रथम पुढे यावी हे स्वाभाविक होते. परंतु ज्या कुटुंबाजवळ मीठ विकत घेण्यापुरतेच पैसे, त्याने फवारणीचे यंत्र व विषारी द्रव्य कोठून आणावे? किड्याच्या अंगावर मेणाचे कवच, म्हणून फवारा नीट लागत नाही. शिवाय पाला खाण्यात येतो, म्हणून लागला तरी धोका. शेते लहान लहान, जंगलातून विखुरलेली, रस्त्यांपासून दूर. औषधांचा मार्ग येथे बंदच होता असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा एक मार्ग मात्र जुना होता. १८८८ साली कॅलिफोर्नियातील संत्र्यामोसंब्यांच्या बागा ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका खवले किडीने मरणपंथास लागल्या होत्या. तेव्हा आल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. कृषिखात्याच्या नोकरांनी परदेशप्रवासावर सरकारी पैसा खर्च करू नये असा निर्बंध त्या वेळी होता. म्हणून त्याचा प्रवास मेलबर्न येथील प्रदर्शनाच्या खर्चात बसविण्यात आला! (सरकारी हिशेबनिसांची जात सर्वत्र एकच.) त्याने पाठविलेल्या लाल-काळ्या ढालकिड्याने थोड्याच काळात बागा निर्मळ केल्या. यातील तत्त्व साधे आहे. जी कीड आपल्या मायदेशी उपद्रव करीत नाही, तिला तेथे कोणी तरी खाणारा असला पाहिजे. परदेशात येताना ती एकटी आली, खाणारा मागे राहिला. तो शोधून आणावा. तत्त्व एका ओळीत मावते; त्याच्यापायी माणसांची आयुष्ये जातात.

१९७९ साली नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिसंस्थेत हान्स रुडोल्फ हेरेन या तिशी ओलांडलेल्या स्विस कीटकतज्ज्ञाची या कामी नेमणूक झाली. त्याची तयारी पाहण्यासारखी आहे. बालपण स्वित्झर्लंडमध्ये रोन नदीच्या खोऱ्यातील शेतावर गेले. शास्त्राचे शिक्षण झुरिकच्या तंत्रविद्यापीठात झाले. आणि त्यानंतर अमेरिकेत बर्कले येथे, जैविक कीड नियंत्रणाची मोठी परंपरा असलेल्या विद्यापीठात, त्याने उमेदवारी केली. तिसऱ्या खंडात त्याला जे काम मिळाले त्याचे औषध चौथ्या खंडात होते. कसावा जर दक्षिण अमेरिकेचा, तर त्याचा पिठ्या ढेकूणही तिकडलाच असावा, असे अनुमान होते. परंतु त्या खंडात त्याची कोठेही नोंद नव्हती. आणि ते रास्तच होते. जी कीड उपद्रव करीत नाही तिच्याकडे पाहतो कोण?

मेक्सिकोपासून दक्षिणेकडे कसाव्याची शेते धुंडाळण्यास आरंभ झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात असाच एक पिठ्या ढेकूण सापडला, आणि शोध संपलासे वाटले. परंतु त्याच्यावर जगणारे परोपजीवी कीटक आफ्रिकेतील किडीला तोंड लावीनात. बारकाईने पाहता त्या जातीत नरही होते. म्हणजे ती आफ्रिकेतली जातच नव्हे. ही चुकीची सापडलेली जात पुढे शास्त्रात हेरेन यांच्याच नावाने नोंदली गेली. बाहेरच्या माणसाला वर्गीकरणाचे काम मेलेल्या किड्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे वाटते. परंतु येथे दोन जातींमधला केसाएवढा भेद ओळखला गेला नसता, तर निरुपयोगी कीटक वाढविण्यात वर्षे व पैसा दोन्ही गेली असती.

१९८१ साली कोलंबियातील काली येथील आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेचे कीटकतज्ज्ञ अँथनी बेलॉटी यांना खरी जात पॅराग्वे देशात आढळली. मग राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेच्या तज्ज्ञांनी तेथे तिचे शत्रू गोळा केले. त्यांत एक गांधीलमाशीच्या कुळातील कीटक होता. लांबी एका मिलिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे चिलटाहूनही लहान. एका अर्जेंटिनी शास्त्रज्ञाने १९६४ सालीच त्याला नाव देऊन ठेविले होते. आज त्याला अनागायरस लोपेझी म्हणतात. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या शरीरात एक अंडे घालते. अळी आतून त्याला पोखरते, मग ते शरीर तपकिरी व टणक होते, आणि त्याला गोल भोक पाडून नवीन माशी बाहेर पडते.

हे कीटक थेट आफ्रिकेत नेता आले नाहीत, आणि नेऊ नयेत हेच योग्य. ते प्रथम इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवण्यात आले. तिकडे कसावा नाही; एखादा कीटक निसटला तरी उपाशी मरावा, हा हेतू. त्यांच्याबरोबर त्यांचेही परोपजीवी लपून येत नाहीत ना, ते दुसऱ्या उपयुक्त कीटकावर वा पिकावर हात टाकीत नाहीत ना, हे पाहिल्यावाचून परवानगी मिळत नसे. या सावधगिरीमागे कटू अनुभव होता. १९३५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात उसावरील भुंगेरे खाण्यासाठी अमेरिकी जातीचे मोठे विषारी भेक हवाई बेटांतून आणून सोडण्यात आले. त्यांनी भुंगेऱ्यांना धक्का लावला नाही. दिसेल ते इतर खात, आणि त्यांना खाऊ पाहणाऱ्या देशी प्राण्यांना विषाने मारीत, ते पसरतच गेले. जो कीटक एकाच जातीच्या किडीवर जगतो तोच आणावा. सर्वभक्षी पाहुणा घरात घेऊ नये, हा नियम अशा प्रकरणांतून पक्का झाला.

१९८१ सालीच इबादानच्या परिसरात पहिल्या माशा सोडल्या गेल्या, आणि त्या तगल्या. पण एका संशोधनक्षेत्रातील यश आणि एका खंडातील यश यांत फार अंतर असते. लक्षावधी माशा पाहिजेत, तर लक्षावधी पिठ्या ढेकूण पाहिजेत. त्यांना खावयास कसाव्याची कोवळी झाडे पाहिजेत. आणि ती कुंड्यांत वाढवू म्हटल्यास इमारतींमागून इमारती पाहिजेत. येथे कीटकशास्त्राची विद्या अपुरी पडते आणि यंत्रज्ञाची सुरू होते. उभ्या स्तंभासारख्या नळकांड्यांत चहूबाजूंनी कसाव्याच्या कांड्या खोचावयाच्या, आणि वरून पोषक द्रव्ये विरघळविलेले पाणी झिरपत ठेवावयाचे, अशी मातीवाचूनची शेती तेथे उभी राहिली. तिला कसाव्याचे झाड असेच नाव पडले. थोड्या जागेत पुष्कळ पाला, त्यावर कीड, किडीवर माशी, असा तिमजली कारखाना चालू झाला. दूरच्या मुलखासाठी विमानातून माशा सोडण्याचे खास साधनही तयार करण्यात आले. एवढासा नाजूक जीव वेगाने जाणाऱ्या विमानातून खाली जिवंत पोचावा, ही समस्या सोडविणाऱ्यांत हवेचा दाब, वेग व आघात यांचे गणित जाणणारे लोक होते. विमान सर्वत्र लागले असे नाही. पुष्कळ ठिकाणी मोटारीने नेऊन हाताने सोडलेल्या माशांनीही काम भागले.

खरी दगदग मात्र वेगळीच होती. प्रत्येक देशाचे सरकार निराळे, राज्यकारभाराची भाषा निराळी : कोठे फ्रेंच, कोठे इंग्रजी, कोठे पोर्तुगीज. परका कीटक सोडू द्या, अशी विनंती करणाऱ्या परक्या माणसाकडे कोणीही मंत्री संशयाने पाहणारच. म्हणून प्रत्येक देशातील तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याच हातून कीटक सोडविण्याची पद्धत ठेवण्यात आली. पेटर नॉयेनश्वांडर हे दुसरे स्विस शास्त्रज्ञ १९८३ पासून या कामात होते. शेतोशेती हिंडून किती किडी, किती माशा, किती कंद, याचे वर्षानुवर्षे मोजमाप करण्याचे श्रेय बहुतांशी त्यांच्याकडे जाते. १९८८ साली बेनिनमधील कोटोनू येथे या कामाचे स्वतंत्र केंद्र निघाले.

त्या मोजमापातून एक मौजेची गोष्ट कळली. माशीची मादी मोठ्या पिठ्या ढेकणात मादी निपजेल असे अंडे घालते, लहानात नर निपजेल असे. निकस, रेताड जमिनीत कसावा खुरटा, म्हणून त्यावरची कीड बारीक. म्हणून माशांत नर अधिक, माद्या थोड्या, आणि नियंत्रण दुबळे. अशा जागी आणखी माशा सोडून काही साधत नाही. पाचोळ्याचे आच्छादन व खत घालून जमीन सुधारली म्हणजे माशी आपले काम करिते. पीकसंरक्षकाला जमिनीचेही ज्ञान असावे लागते, ते यासाठी.

१९९० च्या सुमारास ही माशी आफ्रिकेतील वीसांहून अधिक देशांत स्थिर झाली होती. कीड नाहीशी झाली नाही; ती अल्प प्रमाणात राहिली, तिच्याबरोबर माशीही राहिली, आणि शेतकऱ्याला एका पैचाही खर्च आला नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे या कामावर खर्चिलेल्या दर डॉलरमागे १४९ डॉलरांचा लाभ झाला. हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. तत्पूर्वीच, १९९४ साली, थॉमस ओधियाम्बो या केनियाच्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये नैरोबी येथे स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली होती. पारितोषिक एकाला मिळते, हा जगाचा रिवाज आहे. तथापि बेलॉटी पॅराग्वेत गेले नसते, मातील-फेररो यांनी जात ओळखली नसती, आणि स्तंभांत पाणी सोडणाऱ्या कारागिरांचा हात चालला नसता, तर पारितोषिक देण्यासारखे काही घडलेच नसते.

या व्यवसायात शिरू पाहणाऱ्याने काय शिकावे, याचे उत्तर वरील हकिकतीत बरेचसे आले आहे. एका शास्त्रात खोल उतरावे. ते कीटकशास्त्र असो, वनस्पतिरोगशास्त्र असो वा कृषियंत्रशास्त्र असो. परंतु शेजारच्या दोन शास्त्रांची भाषा तरी समजली पाहिजे. टोळांचेच उदाहरण घ्या. टोळ केव्हा थवे करितात हे प्राणिशास्त्र सांगते. पण त्यांच्यावर हेक्टरी पाच लिटरांहूनही कमी द्रव्य, अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपाने, वारा पाहून कसे पसरावे, हे यंत्रशास्त्राचे काम. २०२० साली राजस्थानात टोळधाड आली तेव्हा मानवरहित उडत्या यंत्रांनी फवारणी करण्यात आली. ती यंत्रे चालविणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे होते. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा, विशेषतः फ्रेंच किंवा स्पॅनिश, आलीच तर दारे आपोआप उघडतात. आणि शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचे ऐकून घेण्याची सवय नसेल, तर बाकीच्या विद्येचा उपयोग बेताचाच.

काम करण्याच्या जागा पुष्कळ आहेत. फिलिपीन्समधील लोस बान्योस येथील भातसंशोधन संस्था १९६० साली निघाली, आणि १९८२ ते १९८८ या काळात तिचे महासंचालकपद मनकोंबु स्वामीनाथन यांनी भूषविले. इबादान व काली येथील संस्था १९६७ च्या, हैदराबादजवळील पाटणचेरूची १९७२ ची. रोम येथील अन्न व कृषी संघटना टोळांवर अहोरात्र नजर ठेविते. मराठी माणसाला ही वाट नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून देशाबाहेर राहिले, अमेरिकेत शेतकी शिकले, आणि १९२४ पासून मेक्सिकोत स्थायिक होऊन चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मका व गहू यांवर त्यांनी तेथे काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या एका भित्तिचित्रात भोजनाच्या मेजाच्या अग्रभागी बसविले आहे. १९६७ साली नागपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

भारतात बसूनही हे काम आंतरराष्ट्रीयच राहते. २००८ साली मेक्सिकोकडील पपईचा पिठ्या ढेकूण कोइमतूरला आढळला, आणि थोड्याच काळात त्याने महाराष्ट्रातील पपईच्या बागांनाही ग्रासले. फवारणीवर फवारणी करूनही बागा तोडाव्या लागत होत्या. २०१० साली बंगळूरच्या संस्थेने अमेरिकेच्या कृषिखात्याच्या साहाय्याने पोर्तो रिको बेटातून तीन जातींचे परोपजीवी आणविले. त्यांतील एकाने अल्पावधीत कीड आटोक्यात आणली. आफ्रिकेत ज्या राष्ट्रकुल संस्थेने मदत केली तिचेच भारतीय केंद्र १९५७ साली बंगळूरला निघाले होते, आणि त्याच परंपरेतून ही संस्था वाढलेली आहे.

कसाव्याची ती आफ्रिकेतली कीडही अखेर आशियात आली. २००८ साली ती थायलंडात दिसली, आणि पुढील वर्षीच बेनिनहून माशा तेथे गेल्या. २०२० साली ती केरळात त्रिचूरजवळ आढळली आणि लवकरच सेलमच्या, म्हणजे साबुदाण्याच्या, मुलखात शिरली. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली कोटोनूहून माशा मागविल्या, विलगीकरणात त्यांची परीक्षा केली, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येत्तापूर येथील संशोधनकेंद्रावर त्या सोडल्या. पॅराग्वेतून इंग्लंड, तेथून नायजेरिया व बेनिन, आणि शेवटी तमिळनाडू, असा या माशीच्या वंशाचा चाळीस वर्षांचा प्रवास आहे. येत्तापूरच्या शेतकऱ्यांना त्या वेळी माशांबरोबर एक सूचनाही देण्यात आली : ज्या वाफ्यात या सोडल्या, तेथे काही काळ कीटकनाशक फवारू नये.